हरकत क्रमांक चौदा

३ जून, सकाळी सात
आजपासून रागवायचं नाही. बीपीची गोळी घेतल्याशिवाय वर्तमानपत्र उघडायचं नाही. सूनबाईच्या चहाला पाणी म्हणायचं नाही.

सव्वासात
समोरच्या डेपोतून बिनड्रायव्हरचा पहिला ट्रक बाहेर पडला. मी त्याचं नाव बिनडोक्या ठेवलं. चहालाही पाणी म्हणून झालं.

४ जून
चिरंजीव अठरा वर्षं याच डेपोचे ट्रक चालवतो. आता कंपनीने त्याला बिनडोक्यात नुसतं बसवलंय. हात मांडीवर. गडबड झाली तरच स्टिअरिंग धरायचं. सहा महिने ट्रायल, मग बघू, म्हणाले. ‘मग बघू’चा अर्थ चौतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलेल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. चिरंजीव म्हणतो, आई, तू यात पडू नकोस. मी कशाला पडतेय? मी फक्त ही ट्रायल बंद पाडणार आहे.

९ जून
कंपनीने नागरिकांकडून लेखी हरकती मागवल्यात. सोबत सुरक्षेचं आठ पानी माहितीपत्रक. लाल पेनाने तपासलं. स्पेलिंगच्या चुका एकवीस. दहापैकी तीन मार्क, तेही दया म्हणून.

हरकती लिहायला घेतल्या. नुसती चूक दाखवायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची, ही आम्हाला सिस्टरांनी लावलेली शिस्त. म्हणून दोन रकाने: हरकत आणि उपाय. वाचून कंपनीची बोबडी वळेल. पंधरा दिवसांत गाशा गुंडाळतील.

१४ जून, जेवणानंतर
चिरंजीव सांगत होता, रिकामं बसून डोळे मिटतात गं. काल मधला अख्खा पूल कधी गेला कळलंच नाही. सूनबाई हसली. मी हसले नाही. मला हत्यार सापडलं होतं.

हरकत क्रमांक चौदा: केबिनमध्ये रिकामा बसलेला माणूस पेंगतो आणि पेंगणारा माणूस सर्वांत धोक्याचा. विश्वसनीय सूत्रांकडून समजते. यावर त्यांना त्याच्या हातात स्टिअरिंग परत द्यावंच लागेल. इतकं उघड आहे की उपायाचा रकाना कोराच सोडला. सगळंच काय मी शिकवायचं?

२० जून
एकूण सतरा हरकती दिल्या. संध्याकाळी कंपनीची जनसंपर्कवाली स्वतः घरी आली. म्हणाली, मॅडम, इतकं बारकाईने आमच्याकडेही कोणी वाचलं नव्हतं. घाबरलेली दिसली.

२ जुलै
पहिला विजय! हरकत क्रमांक तीन: पादचाऱ्यांसाठी कठडा हवा. आमच्या फाटकापासून सिग्नलपर्यंत छातीएवढा लोखंडी कठडा बसला. रस्ता ओलांडायला जागा सिग्नलपाशीच, अर्धा किलोमीटर पुढे. भाजीवाली समोरच बसते. तिने हात केला, मी हात केला. गुडघ्यांमुळे व्यवहार तेवढ्यावरच राहिला.

सूनबाई म्हणाली, आई, हे तुम्हीच मागितलं होतंत ना? मी म्हटलं, मी ट्रक थांबवायला सांगितलं होतं, मला नव्हे.

११ जुलै
हरकत क्रमांक सात: ट्रक बाहेर पडताना बोलून इशारा द्यावा. आता दर चार मिनिटांनी एक बाई म्हणते, कृपया बाजूला व्हा. उच्चार भिकार. खिडक्या लावून घेतल्या.
हरकत क्रमांक आठ: डेपोच्या गेटपाशी उजेड अपुरा. आता इतका पुरेसा आहे की जाड पडदे शिवावे लागले.

घराबाहेर पाऊल टाकून नऊ दिवस झाले. हरकत नाही, सेनापती तंबूतूनच लढतो. खोलीत जरा गुदमरतं, एवढंच.

२६ जुलै
जाहीर सुनावणी. सूनबाईने टॅक्सीने नेलं. कंपनीच्या साहेबांनी माझ्या हरकती स्क्रीनवर दाखवल्या. शेजारी त्यांचं माहितीपत्रक, स्पेलिंग सुधारलेलं.

मागच्या रांगेतून एक ड्रायव्हर उठला. म्हणाला, साहेब, आमच्या नोकऱ्यांचं काय? साहेब म्हणाले, नोकऱ्यांबद्दल एकही लेखी हरकत आलेली नाही.

खरं आहे. माझ्या सतरांत ती नव्हती. मुलासाठी पदर पसरणं आपल्याला शोभत नाही, म्हणून मी सगळं सेफ्टीत बसवलं होतं. सुज्ञ माणसाला कळायला हवं होतं.

साहेबांनी मला उभं केलं. टाळ्या झाल्या. मागच्या रांगा सोडून. तिथेच ड्रायव्हरांत बसलेला चिरंजीव खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

१ ऑगस्ट
कंपनीचं पत्र, सोबत माझ्या हरकतीची प्रत. हरकत क्रमांक चौदा मान्य. आपण उपाय सुचवला नसल्याने आम्ही तो केला आहे: पंधरा तारखेपासून केबिनमध्ये माणूस नसेल. ट्रायल मुदतीआधीच यशस्वी. खाली माझे आभार, ‘जागरूक नागरिक’ म्हणून.

चिरंजीवाने पत्र दोनदा वाचलं. विचारलं, आई, हे विश्वसनीय सूत्र कोण?
मी गोळी शोधायला आत गेले. गोळी हातातच होती.

१६ ऑगस्ट
चिरंजीव घरी. माझ्याच खोलीत बसतो, कारण दुसरी खोली नाही. बोलत नाही. बाहेरची बाई बोलते, दर चार मिनिटांनी. सूनबाईच्या चहाला आज मी छान म्हटलं. तिने ऐकलं नाही.

१९ ऑगस्ट
जनसंपर्कवालीचा फोन. आणखी काही सूचना, मॅडम? मी रिसीव्हर खाली ठेवला.

दुपारी चिरंजीवाने एक फॉर्म पुढे केला. म्हणाला, इंग्रजीत आहे, तूच भर. ट्रक बाहेर पडताना गेटपाशी उभं राहून लोकांना कठड्यामागे ठेवायला माणूस हवाय. आठ तास उभ्याने. नाव, पत्ता, वय, सगळं माझ्या चांगल्या वळणात लिहिलं. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी आधीच छापलं होतं: आवश्यक नाही. मी समासात लिहिलं, अठरा वर्षं. खाली दोन रेघा मारल्या.

सूनबाईने फॉर्म वाचला. म्हणाली, आई, समासात काही लिहिल्यास अर्ज बाद, असं इथे तळाशी आहे.

चिरंजीव दुसरा फॉर्म आणायला गेलाय. सिग्नलला वळसा घालून.