चौपन्न पायऱ्या

३ मार्च
हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून एकवीस दिवस झाले. छातीत कळ नाही, पण धाप लागते! जिन्यावर तर लागतेच, दुकानात खुर्चीत बसून घड्याळाचं झाकण उघडतानाही लागते. स्टेंट तुंबला असेल का? हिला सांगितलं नाही.

४ मार्च
वहीत वेळा मांडल्या आणि गंमत दिसली. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी सकाळी आठला, रात्री आठला. धाप नऊला आणि नऊला! इतकी वक्तशीर धाप? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, मला हे पचेना.

५ मार्च
गोळी बंद करून बघावी म्हटलं. ही डोळे वटारून म्हणाली, "मनानं काही करायचं नाही. नळी तुंबली म्हणजे?" मुकाट्यानं घेतली.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. स्टेंट ठणठणीत! "धाप गोळीची आहे, काका. काहींना लागते. आज रात्री जुनीची शेवटची, उद्या रात्री नवीचा मोठा डोस, मग दिवसाला एकच. जुनीचा असर तोवर टिकतो, मध्ये खंड पडत नाही." म्हणजे ही काउंटरवर येऊन बसली की मगच मी जेवायला उठतो, तसंच.

८ मार्च
दोन मोठ्या गोळ्या एकदम घेतल्या. बघू!

९ मार्च
दुकानातला नियम – एका वेळी एकच भाग बदलायचा, नाहीतर दोष कुठे होता ते कळत नाही. म्हणून गोळी सोडून सगळं तसंच ठेवलंय. संध्याकाळी दोघं जिना चढतो, दुसऱ्या मजल्यावर ही म्हणते, "थांबा, जरा दम घ्या." मी वेळ टिपतो. चार मिनिटं.

१३ मार्च
धाप गेली! तीन दिवस एकदाही नाही. पण जिन्याला अजून चार मिनिटंच लागतात. हे कसं काय?

१४ मार्च
ही बाजारात गेली तेव्हा एकटा चढलो. चौपन्न पायऱ्या, न थांबता, दीड मिनिट.

१५ मार्च
आज दुसऱ्या मजल्यावर मी थांबलोच नाही. मागे पावलं वाजेनात. वळून पाहिलं – कठडा घट्ट धरून उभी, धापा टाकतेय.
"कधीपासून?"
पायरीवर टेकून म्हणाली, "तुमच्या स्टेंटच्या आधीपासून. म्हटलं, तुमचं एकदा मार्गी लागू दे."
घाबरलोय. उद्या सकाळी हिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे.