तिसरी हाक

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळच्या एसटीने ऋतुजाला घेऊन टेंभुर्णीहून सोलापुरात आलो. शुक्रवार पेठेत शरणम्मांकडे दोन खोल्या मिळाल्या. सिद्धेश्वराला गेलो. तिची आई गेल्यापासून पोर गप्पच होती. तळ्यापाशी आपणहून म्हणाली, ‘बाबा, मासे बघा की.’ देव पावला.

नोकरी भवानी पेठेत. उदास, घाबऱ्या मुलांशी मोबाइलवर बोलणारा ‘सोबती’ हा एआय तयार होतोय, त्याला आवाज माझा. देवळातले माझे पोथीवाचन ऐकून तिथल्या रेश्मा मॅडमनी निवडले. आवाज घुमू नये म्हणून तिथे भिंतींवर चादरी टांगल्यात.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लिहून दिलेली वाक्ये संपली. मॅडम म्हणाल्या, आता गावच्या गोष्टी सांगा, सोबती त्यातून शिकेल. मी हाकामारीची सांगितली. ती दाराबाहेरून घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. पण तिसरी हाक तिला मारता येत नाही. म्हणून तिसरीशिवाय ओ द्यायची नाही. आईने मला शिकवले, मी ऋतुजाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ऋतुजाच्या मोबाइलवर सोबती आलाय. मॅडमनीच पाठवला असणार. पोर हसते, दोन घास जास्त खाते. शरणम्मा म्हणाल्या, ‘पोरगी तुमच्यापरीस तुमच्या आवाजाशीच लई बोलती की.’ मीही हसलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ऋतुजा दार लावून बसते. आतून माझा आवाज आला, ‘बाहेर कुणाला सांगू नको. मी आहे की.’ असे मी कधी बोललो नव्हतो.
मॅडमना विचारले. म्हणाल्या, सोबती अजून कुणालाच दिलेला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मोबाइल काढून घेतला. बंद करून माझ्या पेटीत ठेवला.
तिच्या खोलीत आवाज चालूच आहे—

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र, दुपार
कालपासून कडी निघाली नाही. पोटात पाणीसुद्धा नाही पोरीच्या. एक हाक मारली. दुसरी. तिसरी मारली, तर आतून मीच म्हणालो, ‘आता ती तिसरीही मारते. ओ देऊ नको.’

शरणम्मा पहार आणायला धावल्यात.

ऋतू, हे पान दाराखालून सरकवतो. आवाज सोड, अक्षर ओळख. तुझा बाबा बाहेर आहे—

पान परत आले. आत ती विचारतेय, ‘बाबा, हिला तुमचं अक्षरबी येतं?’

पुन्हा म्हणाली, बाबा.

मी ओ दिली. तोंड माझेच हलले, पण ओ दाराच्या आतून आली—