सातवी 'क'चा मागचा बाक

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (खोलीत आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा हा उभ्यानेच घातला असं समजा). गुडघा कसा आहे? दोन जिने चढवतात का? का विचारते ते पुढे येईलच. मामींनाही नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे आई-बाबा ठीक आहेत.

माझ्या शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा टप्पा आला. सोमवारपासून मला सातवी 'क'वर सराव पाठ घ्यायचे आहेत, आणि त्यात नापास झाले तर अख्खं वर्ष पुन्हा. सातवी 'क'चं नाव काढलं की कॉलेजातले लोक माझ्याकडे हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखे बघतात. गेल्या वर्षी तिथे पाठवलेला मुलगा आता विम्याच्या ऑफिसात आहे आणि सुखात आहे म्हणे.

पाठाआधी टाचण लिहावं लागतं. त्यात आपण काय विचारणार ते तर असतंच, पण मुलं काय उत्तर देतील तेही आपणच लिहून ठेवायचं (संसारात अशी सोय असती तर बाबांनी टाचणांचे गठ्ठे घातले असते). रंगीत तालीम मी बाबांवरच केली. विचारलं, ओला टॉवेल वाळतो तेव्हा त्यातलं पाणी कुठे जातं? टाचणात उत्तर होतं, 'हवेत'. बाबा म्हणाले, "आधी तो टॉवेल रोज पलंगावर कोण टाकतं ते बोल." आईने स्वयंपाकघरातून लगेच हात वर केला आणि मग वर्ग काही माझ्या ताब्यात राहिला नाही. विद्यार्थी फक्त दोन, मामा, आणि दोघंही मला जन्मापासून ओळखणारे.

शिकवण्याआधी आठवडाभर वर्गात मागे बसून निरीक्षण करायचं असतं. जीव मुठीत धरून, फाइल छातीशी घेऊन मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आणि काय सांगू, वर्ग चिडीचूप! खडूचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्गाच्या बाईंचा घसा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत टिकला. त्यांना आणि मला कारण एकच सुचलं, की मुलांना मी तपासणीला आलेली कोणी मोठी अधिकारी वाटते. बाई इतक्या हरखल्या, की म्हणाल्या, "तू शिकवायचं फार मनावर घेऊ नकोस, अशीच बसून राहा." पण सोमवारी मी फळ्यापाशी उभी असणार, म्हणजे मागचा बाक रिकामा. या विचाराने मला दोन घास जात नाहीत. मला खरंच शिकवायचं आहे, मामा. विम्याच्या ऑफिसात सुखी नाही व्हायचं.

असो, पत्र लांबलं. माझी काळजी करू नका (थोडी केलीत तरी चालेल).

तुमची भाची

ता. क. : तुम्ही तिकीट तपासनीस होतात तेव्हा नुसते डब्यात शिरलात तरी तिकीट काढलेली माणसंसुद्धा खिसे चाचपायची, असं आई अजून कौतुकाने सांगते. तुम्ही निवृत्त झालात, तो चेहरा झालेला नाही, हे मी गेल्याच महिन्यात पाहिलं. सोमवारी तेवढा आमच्या मागच्या बाकावर आणून बसवाल का? वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. फाइल मी देईन. लिहायचं काही नाही, बोलायचं तर मुळीच नाही, फक्त अधूनमधून मान हलवायची (होकारार्थी नको).

आणखी एक ता. क. : पत्र टाकायचं राहूनच गेलं होतं. आज शाळा सुटताना वर्गातली एक मुलगी फाटकाशी भेटली. न राहवून विचारलं, "मी आले की तुम्ही एवढे गप्प का बसता गं?" तर म्हणाली, "बाई, पहिल्या दिवशी तुमचे हात किती थरथरत होते! आवाज केला तर तुम्ही रडाल असं वाटलं. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलंच."

तेव्हा मामा, तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघून सगळं बिघडेल. घाबरायला मी एकटी पुरेशी आहे.