गुरुवारपूर्वी घरात भांडण करण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. शाश्वत ध्येय अंमलबजावणी अधिकारी,
नगर कार्यालय, पहिला मजला
(व्हरांड्यातील कपाटाच्या मागचे दार)

विषय : अर्जदारास स्वतःच्या घरात, स्वतःच्या पत्नीशी, येत्या गुरुवारपूर्वी एक भांडण करू देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या दारावर आपल्या कार्यालयाने ठोकलेला 'शांतता' हा निळा फलक.
२) अर्जदाराचा याच विषयावरील मागील अर्ज व त्यास आलेले 'शांतता राखल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असे आपले छापील उत्तर.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने सुतार असून, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड अशा घरात पत्नीसह राहतो. साऱ्या जगाने मिळून ठरवलेली सतरा शाश्वत विकास ध्येये घरोघरी पोहोचवायचे आपण मनावर घेतले आणि आमच्या गल्लीत नेमकी सतराच घरे निघाली, यात अर्जदाराचा काही दोष नाही. आपण स्वतः येऊन बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, घरटी एक ध्येय वाटून दिले आणि सर्व घरांनी ते वर्षभर पाळल्यास गल्लीचे तुंबलेले गटार दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या, हे तो लपवू इच्छित नाही.

२. वाटपाबद्दल तक्रार करण्याचा हेतू नाही. परंतु गल्लीची परिस्थिती आपल्या ध्यानी यावी म्हणून नमूद करणे भाग आहे. समोरच्या घरातल्या इस्त्रीवाल्यास 'पाण्याखालील जीवन' हे ध्येय आले. कपड्यांवर पाणी मारायच्या बादलीत त्याने एक मासा पाळला आहे, आणि माशाला त्रास नको म्हणून तो हल्ली कपडे कोरडेच इस्त्री करतो. पाववाल्यास 'हवामान बदल' आल्यामुळे त्याची भट्टी बंद आहे. तो गिऱ्हाइकाच्या हातात मळलेल्या पिठाचा गोळा देतो आणि घरी भाजून घ्या म्हणतो. कोपऱ्यावरच्या मावशींना 'शून्य भूक' आले. त्या वाढायचा डाव घेऊन दारात उभ्या असतात आणि जेवून निघालेल्या माणसालाही हाताला धरून बसवतात. ही सर्व मंडळी खुशीने नव्हे, पण गटाराकडे पाहून दिवस काढत आहेत.

३. अर्जदाराच्या वाट्याला सोळावे ध्येय आले : शांतता, न्याय आणि सक्षम संस्था. न्याय आणि संस्था यांचे काय करायचे ते कुणी सांगितले नाही. शांततेसाठी मात्र भिंतीवर आवाज मोजण्याचे यंत्र बसले. आवाज चढला की त्यावर लाल दिवा लागतो, दिवा दिसला की ध्येयमित्राने नोंद करायची, आणि नोंद झाली की गटार गेले. ध्येयमित्र म्हणून आपण शेजारच्या निवृत्त पोस्टमनांना नेमले आहे. माणूस देवासारखा, पण कान तिखट.

४. आता मूळ मुद्दा. अर्जदार आणि त्याची पत्नी लग्न झाल्यापासून भांडत आलेले आहेत. हात उगारणे, भांडी फेकणे असले प्रकार या घरात कधी झाले नाहीत, हे गल्लीतले कुणीही सांगेल. भांडण ही आमच्या कारखान्याची कामाची पद्धत आहे. अर्जदार माप घेतो. घासकाम आणि पॉलिश पाहणारी पत्नी ते माप चुकल्याचे सांगते. अर्जदार तिच्या माहेरचा उद्धार करतो. ती अर्जदाराच्या डोळ्यांवर येते, तिथून अकलेवर आणि तिथून थोरल्या नणंदेवर. मग रागारागाने पुन्हा माप घेतले जाते आणि ते बिनचूक निघते. आजवर या कारखान्यातून डुगडुगणारे टेबल किंवा न लागणारे दार बाहेर गेलेले नाही.

५. फलक लागल्या दिवसापासून पत्नी प्रत्येक गोष्टीला 'बरोबर आहे' असे म्हणते. गटाराचे पाणी तिच्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत असल्याने तिने हे ध्येय फार मनावर घेतले. अर्जदाराने बुधवारी 'आज सोमवार' असे म्हणून पाहिले. बरोबर आहे. खुर्चीला तीनच पाय लावून समोर ठेवली. बरोबर आहे. जेवताना, तुझ्या बहिणीच्या हाताला तुझ्यापेक्षा चव आहे, इथपर्यंत अर्जदाराची मजल गेली, तरी तेच. महोदय, आपणही संसारी आहात. सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत बायकोच्या तोंडून हे दोन शब्द ऐकणे म्हणजे काय, हे आपल्यावर कधी न येवो. अर्जदाराला घर खायला उठते.

६. याच काळात सतरा ध्येयांची कागदपत्रे ठेवण्यासाठी आपल्या कार्यालयाने अर्जदाराकडे कपाट करायला सांगितले. अर्जदाराने आपल्या कार्यालयाच्या दाराचे माप घेतले. एरवी पत्नीने विचारले असते की दार आत उघडते की बाहेर, चौकट धरली का, आणि डोके जागेवर आहे का. ती म्हणाली, बरोबर आहे. परिणामी सदर कपाट दारातून आत न गेल्याने महिनाभर व्हरांड्यात उभे असून साहेब त्याच्या कडेने अंग चोरून आत-बाहेर करतात, असे आपल्या शिपायाकडून समजते. साहेबांच्या या रागापोटी मागील अर्जास छापील उत्तर आले असल्यास अर्जदार समजू शकतो.

७. नियमात बसेल असे भांडण्याचे सर्व प्रयत्न करून झाले. कुजबुजत भांडून पाहिले. ध्येयमित्रांनी खिडकीतून डोकावून 'चेहरे शांत नाहीत' अशी तोंडी समज दिली. कागदावर भांडून पाहिले. पण पत्नीचे अक्षर अर्जदारास लागत नाही, त्यामुळे तिला प्रत्येक टोमणा मागाहून शांतपणे वाचून दाखवावा लागला, आणि त्यात काही दम राहिला नाही. पाववाल्याने मोठ्या मनाने बंद भट्टी देऊ केली. दोघे वाकून आत शिरले, परंतु काळोखात कोण कुणाकडे बोट दाखवते तेच कळेना. शेवटी गल्लीबाहेर बसथांब्यावर जाऊन उभे राहिले, तर दोघांनाही विषय सुचेना. भांडण असे डब्यात भरून बाहेर नेता येत नाही. ते घरात, हातात काम असतानाच यावे लागते. बराच वेळ दोघे येणाऱ्या-जाणाऱ्या बस पाहत राहिले आणि मग मुकाट परत आले.

८. गेल्या रविवारी पत्नीने, कपाळाला आठीसुद्धा न घालता, सांगितले की ती गुरुवारच्या गाडीने बहिणीकडे निघाली आहे आणि परत यायचे काही ठरवलेले नाही. एरवी अर्जदाराने घर डोक्यावर घेतले असते. तिची ट्रंक लपवली असती. दारात आडवा पडला असता. पण त्याचे लक्ष भिंतीवरच्या यंत्राकडे गेले आणि तोंडून निघून गेले, 'बरोबर आहे.' त्यावर तिने ज्या नजरेने पाहिले, ती नजर रविवारपासून अर्जदाराच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिने जाऊ नये असे त्याला फार वाटते. तिच्याशिवाय त्याला जमणार नाही. मात्र हे वाक्य हळू आवाजात कसे म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नाही.

९. सबब विनंती की, बुधवारी संध्याकाळी अर्जदारास घरच्या घरी एक भांडण, लांबेल तेवढे, विनानोंद करू द्यावे. तेही शक्य नसल्यास ध्येय बदलून इस्त्रीवाल्याचा मासा अर्जदारास द्यावा. इस्त्रीवाला एकटाच राहतो. त्याला शांतता आपोआप जमेल.

या वेळी उत्तर छापील नसावे, एवढीच अपेक्षा.

आपला, नाइलाजाने शांत,
(सही)
सुतार, 'शांतता' फलकाचे घर
मंगळवार, दिवेलागण

सोबत : १) तीन पायांची खुर्ची, पुराव्यादाखल.
२) व्हरांड्यातील कपाटाची किल्ली, जी देण्याचे राहून गेले होते.

कुटुंबातील अन्य व्यक्तीचे म्हणणे (नियमाप्रमाणे, स्वहस्ते) :

हा अर्ज बरोबर नाही. टेपच्या टोकाचा पत्रा तुटलाय, त्याने घेतलेलं प्रत्येक माप चुकणार, हे मी फलक लागायच्या आधी कानीकपाळी ओरडत होते. कपाटाचे पाय काढून ते आडवं केलं तर सरळ आत जातं. साहेबांनी एका शब्दाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. नणंदेचा विषय मी काढत नाही, हेच काढतात. बायको घर सोडून जाते म्हटल्यावर 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याला सरकारपुढे एवढं पानभर लिहिता येतं, तर तेव्हा काय तोंडाला कुलूप लागलं होतं? जाऊ नको म्हणायला परवानगी लागते का माणसाला? आणि मासा मी घरात घेणार नाही.

अर्जदाराचा खुलासा : वरील अक्षर न लागल्याने पत्नीने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. नणंदेबाबतचे विधान अर्जदारास मान्य नसल्याने त्यानेही मोठ्यानेच उत्तर दिले. जे म्हणायचे राहिले होते तेही त्याच आवाजात म्हणून झाले. भिंतीवर लाल दिवा लागला आहे. सदर अर्ज मागे घेण्याची परवानगी असावी.

ध्येयमित्राचा शेरा : सुताराच्या घरातील दोन्ही आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकले. ऐकायला पाववाले, बादलीसह इस्त्रीवाले आणि मावशी अशी मंडळी दारात जमली होती. त्यानंतर ट्रंक माळ्यावर परत ढकलल्याचा आवाज आला आणि सुतारीणबाई, ट्रंक उलटी ठेवली, असे म्हणाल्याचे ऐकू आले. यंत्रावर मावशींनी आपले ओले फडके वाळत घातले असल्याने दिवा कोणत्या रंगाचा आहे ते दिसत नाही. नोंद करण्यासारखे काही घडलेले नाही.