मासळी नसलेल्या दिवसांचा बर्गर

२४ नोव्हें., सोमवार
दुकान जोरात. बोईसरला बर्गर कोण खाणार, असं आमच्या शिरगावात म्हणणारे आज पोरंबाळं घेऊन रांगेत असतात. मार्गशीर्ष लागला की आपली चांदी. मासळी बंद, कोंबडी बंद, मग घरोघरी प्रश्न, आज काय? आहेच आमचा व्हेज बर्गर. पाटीवर मुद्दाम रंगवून घेतलंय : शुद्ध शाकाहारी, पोटाला हलकं. सौ.लाही नेहमीप्रमाणे संध्याकाळी दोन पाठवले. ती एरवी सोमवार-गुरुवार पाळते, आता हा अख्खा महिना.
हल्ली तिला तहान फार लागते. पायाला मुंग्या. उद्या डॉ.कडे.

२५ नोव्हें., मंगळ
साखर. चांगलीच वाढलेली. डॉ. बाईंनी खाण्याचं विचारलं. सौ. ताठ बसून, "मी वार पाळते मॅडम. मासळीला हात नाय लावत." मग त्या दिवशी काय खाता? "ह्यांच्या दुकानातलं. हलकंच हाय."
बाईंनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "काका, त्यापेक्षा ह्यांनी बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाल्ली असती, तर मला बरं वाटलं असतं." महिनाभर पथ्य, चालणं. मग पुन्हा रक्त, नाही उतरली तर गोळ्या सुरू. निघताना बाई मला, तुमची साखर कधी तपासलीत? म्हटलं, मी ठणठणीत.
रिक्षानं घरी. उतरताना सौ. : "डॉक्टरीण मला देव सोडायला सांगते."

२६ नोव्हें.
दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बर्गर कागदावर उघडून बसलो. इतकी वर्षं विकतोय, खाणाऱ्याच्या नजरेनं आज बघितला. पाव मैद्याचा. टिक्की बटाट्याची, तीही मैद्याच्या घोळात बुडवून तळलेली. मेयो म्हणजे फेटलेलं तेल. वर चीज, त्यात मीठ. हिरवं म्हणाल तर कोबीच्या चार काड्या. आणि बहुतेक जण बरोबर कोल्ड्रिंक घेतात.
मागच्या टेबलावर तारापूरच्या कारखान्यातले दोघे. एक बिचकत होता, दुसरा त्याला, "अरे खा ले, वेज है, घास-फूस है, कुछ नहीं होता." दोघांत तिसरा बर्गर मागवला. म्हणजे सौ. एकटी नाही. मासळी नाही म्हणजे अपाय नाही, असं सगळ्यांनीच धरलंय. आणि माझी पाटी त्यांना दुजोरा देतेय.

२९ नोव्हें., शनि
पालघरला पाववाल्याकडे. नाचणीचा पाव कर म्हटलं. पहिली खेप हातातच भुगा. "शेठ, नाचणीला चिकटपणा नाय. थोडं गव्हाचं पीठ लागेलच." म्हटलं घाल, पण मैदा नको आणि आकार लहान.
टिक्की मोड आलेल्या वालांची. तव्यावर, तेल पुसण्यापुरतं. मेयोऐवजी दह्याची पुदिना चटणी. काकडी-टोमॅटो भरपूर. चव? मला आवडली, पण मी मालक.

४ डिसें., गुरु
पाटीवरचं 'पोटाला हलकं' पुसून टाकलं. पेंटर विचारतो, शेठ, काय चुकलं? म्हटलं, जागा मोकळी दिसू दे. गिऱ्हाईक तेवढंच आलं.
जुना बर्गर बंद नाही केला. कुणी कधीमधी एक खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही. नवा त्याच्या शेजारी लावलाय. कारखान्यातल्या त्या बिचकणाऱ्यानं तोच घेतला. दुसऱ्यानं तोंड वाकडं केलं, "ये तो बीमारों वाला है." हसलो. पुढच्या आठवड्यात तोही घेईल, पैज.
सौ. फुगलेली. भाकरी, पालेभाजी, चवळीची उसळ गिळते नुसती. संध्याकाळी चालायला जाते मात्र. शेजारणीला सांगताना ऐकलं, "दुकान आमचं आणि मलाच बंदी."

१२ डिसें.
नवी भानगड. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सात सवाष्णी येणार, आणि बाईसाहेबांनी त्यांना आधीच कबूल केलंय : फराळाला आमच्या दुकानचा बर्गर. म्हटलं, नवा देऊ, खालीच पाव, वर नको, तेवढंच कमी. उखडली. "सवाष्णीला अर्धं वाढतात? लोक काय म्हणतील?" तेही खरं. पण हळदीकुंकू झाल्यावर त्यांच्या पंगतीला तीही बसणार. अन् दुसऱ्याच दिवशी रक्त.

१८ डिसें., गुरु
उद्यापन झक्कास. नवा बर्गर, नाचणीचे पाव, खाली-वर पुरते. बायकांनी उचलून उचलून बघितले, मग खाल्ले. एकीनं शेजारणीच्या कानात, "तेल नाय लागत हाताला." मला ऐकू आलं. सकाळीच पेंटरला सांगतो, पाटीवरच्या मोकळ्या जागेत हेच रंगव.
सौ. शेवटी बसली. मी दारात उभा, बघायचं नाही म्हणून बघत. तिनं आपला उघडला, वरचा पाव काढला, कुंकवाच्या बोटानंच, आणि बाजूला ठेवला. बायकांसमोर, न लाजता. बाकीचं सावकाश खाल्लं.
सगळ्या गेल्यावर तो पाव बशीत घालून माझ्यापुढे सरकवला. "उद्या सकाळी रगत काढायला पोरगी घरी येतेय. दोन माणसांचं सांगितलंय मी."
मी म्हटलं, मला काय झालंय.
"मला तरी कुठं काय झालं होतं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.
भूक तर आहे. पाव समोर आहे. राहू दे तिथंच. सकाळी पोरगी आली की माझाही हात पुढे करतो.