बोळात अडकलेली खंडेनवमी

कोल्हापूर
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दाजींस बंडूचा नमस्कार.

श्रावणात तुमचा फोन आला, त्यानंतर मी ना फोन केला ना पत्र लिहिलं, याची आधी माफी मागतो. सबबी तयार होत्या, पण लिहायला बसल्यावर त्यातली एकही मला स्वतःला पटली नाही, म्हणून देत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आक्का रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते ना? (ती 'व्हय व्हय' म्हणते आणि गोळी फ्रिजवरच राहते, हे तुम्हांला मी सांगायला नको.) पुण्यात तुमच्या सम्राटच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या बांधकामावरची पोकलेन दिसतात आणि तुम्ही सकाळचा चहा तिथंच घेता, असं ती म्हणाली. ऐकून बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग, आधी बरं का वाटलं, याचा विचार करत बसलो.

'मशीन इकून टाक, माझं आता परत येणं व्हत न्हाय,' असं तुम्ही त्या फोनवर म्हणालात. आपलं छोटं पोकलेन दोघांच्या नावावर आहे. मी दांडे धरायचे आणि तुम्ही मागं उभं राहून आवाज द्यायचा, असा आपला धंदा. तेव्हा तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. कबनूरचे एक पावणे तयार आहेत. त्यांना यंत्रमागांच्या दोन शेडांमधल्या सांदीत चर खणायची कामं मिळतात आणि मोठा जेसीबी तिथं शिरत नाही. उद्या ते मशीन बघायला येणार आहेत. मशीन कोणत्या स्थितीत आहे हे तुम्हांला आधी कळवणं माझं कर्तव्य आहे, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

स्थिती चांगली आहे. सकाळी इंजिन थोडं तापल्याशिवाय मी काम काढत नाही, रोज पिनांना ग्रीस देतो, संध्याकाळी रबरी पट्ट्यांतला चिखल वाळायच्या आत खरवडतो आणि रेडिएटरची जाळी हवा मारून साफ ठेवतो. सगळं तुम्ही लावलेल्या शिस्तीनं. फक्त मागच्या झाकणाला एक पोचा आला आहे. तो कसा आला हे सांगितल्याशिवाय विकणं मला बरोबर वाटत नाही, आणि ते सांगायचं तर बाळाबाईंच्या बोळात शिरावं लागेल.

या बाळाबाई म्हणजे शुक्रवार पेठेतल्या एक सत्तरीच्या बाई. घर बोळाच्या शेवटी, रस्त्यावर यायला तेवढीच वाट. त्यांच्या परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा हवा होता. बोळ आपल्या मशीनपेक्षा दोन्ही अंगांना बोटभर रुंद. रबरी पट्टे आत ओढून मशीन अरुंद केलं आणि सरळ तोंडानं गेलो, त्यामुळं जाताना मजेत गेलो. खड्डा छान झाला, इतका की परसात मशीन फिरवायला जागाच उरली नाही. म्हणजे उलटं बाहेर यायचं, आणि मागं तुम्ही नाही. (हा विचार खणायच्या आधी करायचा असतो. मी केलाही होता. पण 'बघू' या उत्तरावर थांबलो होतो.)

दिवस खंडेनवमीचा. रात्री परसातच ठेवलेलं मशीन लवकर माझ्या दारात नेऊन पूजा करायची म्हणून उजाडताच निघालो. अर्ध्या बोळात मला वाटू लागलं की शेजारच्या झुंबरबाईंचा गच्चीवरून उतरलेला पाइप मागं अगदी जवळ आला असणार. बघायचं तर इंजिनावरून चढून मागं जायचं. गेलो, टेपनं मोजलं, परत आलो, वीतभर सरकलो. पुन्हा शंका, पुन्हा इंजिनावरून. बाळाबाई घराच्या पायरीवरून म्हणाल्या, "ते मशीन हाय का नवरी? पाऊल टाकाय किती येळ लावतंय."

मी मग इंजिन बंद केलं आणि जरा डोकं शांत व्हावं म्हणून पुढच्या बाजूला उतरून बकेट फडक्यानं पुसू लागलो. चूक तिथं झाली. खंडेनवमीच्या सकाळी माणूस हत्यार पुसतो ते कशासाठी, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मी टेप शोधायला पुन्हा मागं जाऊन येईपर्यंत बाळाबाईंच्या सुनेनं, संयोगितानं, बकेटला झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू लावलं होतं आणि जागा पवित्र झालीच आहे म्हणून विळी, कोयता, नळाचा पाना आणि नवऱ्याचा लॅपटॉपही तिथंच मांडला होता. बाळाबाईंनी नारळ फोडला. "आता उद्या," त्या म्हणाल्या. "पुजल्यालं हत्यार आज हलवायचं न्हाय." बोळ बंद झालाय, असं मी म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "मग? आमी कुठं मुंबईला निघालोय?"

माझ्या संमतीशिवाय झालेली पूजा मला बंधनकारक आहे का, यावर मी बराच विचार केला. तेवढ्यात संयोगितानं पुरणपोळीचं ताट वाढलं आणि प्रश्न मागं पडला. दिवसभर ये-जा करणारा प्रत्येक जण मशीनवर चढून, सीटवर टेकून पलीकडं उतरत होता. दूधवाल्यानं दूध बूमच्या लांब हातावरून पलीकडं दिलं. आलेल्या बायका उतरता उतरता मशीनला कुंकू लावून गेल्या. दुपारी बाळाबाईंनी विचारलं, "तुमचं दाजी कुठं हायत? ते असतं तर कवाच भाईर पडला असता की." म्हटलं, पुण्याला लेकाकडं. "मग येतील की परत," त्या म्हणाल्या. मी व्हय म्हणालो. तोंडातून गेलं, दाजी. ते खोटं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला तुमचीच साक्ष लागेल.

दसऱ्याला सकाळी मशीन काढायला सगळा बोळ मदतीला आला. एक 'ये' म्हणतोय, दुसरा 'नको', तिसरा 'डावीकडं', आणि त्याची डावी माझी उजवी. व्हायचं ते झालं: झुंबरबाईंचा पाइप फुटला आणि आपल्या झाकणाला पोचा आला. (पाइप मी त्याच दिवशी बदलून दिला. झुंबरबाई दिवसभर बोलत होत्या, ते लिहीत नाही.) मग मी सगळ्यांना हात जोडून गप्प केलं आणि तुमच्यासारखं स्वतःच म्हणत निघालो: "ये... ये... ये... दम. आता ये." 'दम' आला की थांबायचो, उतरून बघायचो, खरंच थांबायची जागा असायची. बाळाबाई सुनेला म्हणाल्या, "शिकल्यालं हाय, पर एकटंच बोलतंय." मशीन रस्त्यावर आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीनं मागं वळून बघितलं. मागं रिक्षा उभी होती.

असो. मशीनची स्थिती ही अशी आहे. आक्काला नमस्कार सांगा.

आपला,
बंडू

ता. क. विक्रीच्या कागदावर तुमची सही लागेल. घाई नाही.

ता. क. घाई नाही म्हणजे खरंच नाही. सही केली नाहीत तरी मी काही म्हणणार नाही. उलट आभारच मानेन.

ता. क. गुडघ्याचा मी पुष्कळ विचार केला. आवाज द्यायला उभं राहावं लागतं, असं कुठं लिहिलंय? मी एक घडीची खुर्ची आणली आहे, पाठ टेकायला चांगली आहे. बोळाच्या तोंडाशी सावली बघून मांडू. दिवाळीनंतर या. जमणार नसेल तर नाही म्हणा, पण फोनवर नको, इथं येऊन म्हणा.

उद्या: कबनूरच्या पावण्यांना सकाळीच फोन करून येऊ नका म्हणून सांगणे.