सुभेदारांच्या फाइलीतलं कात्रण

सोमवार, ४ ऑगस्ट. सांगली.
सुभेदारांची फाइल अजून दिल्लीतच. उसावर औषध फवारणारी ड्रोन बनवतो हा माणूस. कुपवाडच्या शेडमध्ये तीसेक बायका-माणसं मोटरींना तारा गुंडाळतात. शेड वाढवायला पैसा घालणार सिंगापूरचा फंड, आणि त्या फंडात एक भागीदार शेजारच्या देशाचा. शेजारी म्हणजे ज्याच्याशी आपली जमिनीची हद्द लागते तो. म्हणून आधी दिल्लीची परवानगी आणि सुरक्षा तपासणी.
नियम वाईट नाही, हे सुभेदारच म्हणतात. लष्कराच्या सिग्नल पलटणीत असताना तीन हिवाळे त्याच हद्दीवर काढलेत त्यांनी. "समोरच्याच्या हातात आपली तार नगं, शास्त्री. बगावंच लागतंय." मला शास्त्री म्हणतात, कारण पाठशाळेत आठ वर्षं घालवून मी वार्ताहर झालो. त्यांच्या मते ही पदावनती.
फंडवाले सप्टेंबरअखेरपर्यंत थांबणार. मग पैसा दक्षिणेतल्या दुसऱ्या कारखान्याला. तसं झालं तर सुभेदार दिवाळीच्या आत शेडला कुलूप लावणार.

शुक्र., ८ ऑगस्ट
चौकशीला मुंबईहून दोघे शेडशेजारच्या ऑफिसात येऊन गेले. एक विचारणारा, एक लिहिणारा. चहा नको म्हणाले आणि दोनदा घेतला. नोकरीत असताना सीमेपलीकडच्या कुणाशी संपर्क आला होता का?
"आला की. रोज. दुर्बिणीतनं."
लिहिणाऱ्यानं म्हणे तेही लिहून घेतलं. सुभेदारांनी सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. आणखी काही सांगायचं होतं बहुतेक. सांगितलं नाही.

मंगळ., १२ ऑगस्ट
आज सांगितलं.
त्या दोघांनी पुलाच्या फोटोंबद्दल विचारलं होतं. कुठला पूल, म्हणाले सुभेदार. तर टेबलावर एक कात्रण ठेवलं. माझं. फेब्रुवारीत फंडाचे पाहुणे आले होते, त्यावर आतल्या पानावर दहा-बारा ओळी मीच दिल्या होत्या. "पाहुण्यांनी कृष्णेच्या पुलाचे, हळदीच्या ढिगाऱ्यांचे व भेळेच्या गाडीचे फोटो काढले. जिल्ह्याच्या संरक्षणाची सर्व गुपिते आता समुद्रापार गेली आहेत." लिहिताना स्वतःवरच खूश झालो होतो, हे आठवतंय. त्याच दोन वाक्यांखाली तांबडी रेघ. सोबत टाइप केलेला इंग्रजी तर्जुमा. त्यात भेळेची गाडी गळलेली, हळद गळलेली. पूल तेवढा शाबूत.
बातमीवर माझं नाव नव्हतं. "नाव कशाला पायजे? एवढं चावट जिल्ह्यात दुसरं कोण लिवतंय?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. पाणी प्याले, आमच्या हिला गुडघा कसा आहे विचारलं, गेले.
संस्कृतात स्थालीपुलाक न्याय म्हणून आहे: पातेल्यातलं एक शीत चेपायचं आणि सगळा भात शिजला का ते सांगायचं. पण शास्त्रकारांनी शीत निदान त्याच पातेल्यातलं घेतलं होतं. ह्यांनी शेजारच्या भेळेतला चुरमुरा चेपला.
राग त्या दोघांचा आला की माझा मलाच? दोन्ही.

गुरु., १४ ऑगस्ट
संपादकांना फोन. खुलासा छापा म्हटलं.
"बातमी खोटी होती का?"
नाही. फोटो काढले होते. दुसरं वाक्य विनोद होता.
"मग विनोदाचा खुलासा कसला छापायचा?"
वर हुकूम: उद्याच्या पुरवणीला सातारा-सांगलीच्या सैनिकी परंपरेवर आठशे शब्द, संध्याकाळपर्यंत. आणि उद्योगात उतरलेला एखादा माजी सैनिक असेल तर त्याचा फोटो.
शब्द दिले. फोटो नाही दिला. ह्याला मी निषेध समजतो, म्हणजे माझी यत्ता काय ते कळावं.

सोम., १८ ऑगस्ट
कोर्टाजवळच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. "सदर मजकूर केवळ विनोदबुद्धीने लिहिला होता." नोटरीनं विचारलं, आरोपी कोण? मीच म्हटलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला. स्पीड पोस्टानं दिल्लीला.
सुभेदारांना कळलं. पहिल्यांदा आवाज चढला त्यांचा, पण माझ्यावर नाही. "मला तपासा की. ड्रोन खोला, बोर्ड बगा, कुठली चिप कुठनं आली त्येची यादी करून ठिवलीया मी. दोघं दोन तास बसले. शेडात पाऊल न्हाई टाकलं. मशीन बगितलं न्हाई. कागुद बगितला."
देशाला धोका खरोखर असलाच, तर तो त्या दोघांच्या पाठीमागे दहा पावलांवर ड्रोनमध्ये स्क्रूनं घट्ट बसवून ठेवलेला होता. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे राहून राहून डोक्यात जातं.

बुध., ३ सप्टें.
कुपवाडला जाऊन आलो. चार टेबलांवर कापड टाकलंय. तारा गुंडाळणाऱ्या पाचजणी मिरजेच्या कारखान्यात गेल्या. जाताना सुभेदारांच्या पाया पडल्या म्हणे. ते मलाच सांगून हसत होते. मी मात्र कापड टाकलेली टेबलं मोजत होतो.

शुक्र., १२ सप्टें.
दिल्लीचं उत्तर आलं. सुभेदारांना नाही, मला.
"पूर्वी प्रसिद्ध केलेले विधान मागे घेण्यास आपणांस कोणी प्रवृत्त केले" याचा खुलासा सोमवारी अकरा वाजता पुण्याच्या कार्यालयात, समक्ष. तोवर अर्ज विचाराधीन. म्हणजे फाइल पातळ करायला गेलो आणि चार पानांनी जाड करून आलो. हिच्यावर उगाच ओरडलो.
संध्याकाळी सुभेदार. पत्र दोनदा वाचलं.
"सोमवारी पाटं सहाला निघू. गाडी मी काढतो."
तुम्ही बरोबर आलात तर तेही लिहून घेतील, दबाव म्हणून, मी म्हटलं.
"लिवू द्या." मग दारात चपला घालताना, "शास्त्री, तिथं इनोद करू नगा."
नाही म्हटलं.
पत्रासोबत एक तक्ता आहे, सोमवारी भरून न्यायचा. रकाना सहा: अर्जदाराशी आपला संबंध. व्यावसायिक, कौटुंबिक, अन्य. अन्य असल्यास स्वरूप लिहावे. जागा दीड ओळ. तासभर पेन घेऊन बसलोय. अजून कोरी आहे.